सासूबाईंचा शीण

माझ्या सासुरवाडीला माणसांचा शीण झोपून जात नाही. तो वर्षातून एकदा डोंगरावर नेऊन द्यावा लागतो. डोंगराचं नाव धापऱ्या. बैलांचा शीण पोळ्याला उतरतो आणि माणसांचा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अशी तिथली पद्धत आहे. आमच्या श्रीरामपूरला रात्री झोपलं की सकाळी शीण गेलेला असतो, असं आम्ही धरून चालतो. त्यामुळे लग्न ठरवताना हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मुलीकडच्यांनी माझी शेती विचारली नाही, घर विचारलं नाही. मुलाचे गुडघे कसे आहेत, एवढंच विचारलं. मी म्हटलं, चांगले आहेत.

स्वतःचा शीण स्वतः नेता येत नाही, हे कुणालाही पटेल. नेताना नवा शीण येणार, म्हणजे पाठीवरचं ओझं चढता चढता वाढत जाणार आणि माणूस कधी पोचणारच नाही. मुलानेही आईचा न्यायचा नाही; निम्माशिम्मा त्यानेच दिलेला असतो, असं गावाचं म्हणणं. मग उरतो जावई. तो बाहेरचा असतो आणि वर्षभर खाऊन बसलेला असतो. आखाडातलं तळण, दिवाळीचा फराळ, अधिक महिन्यातले धोंडे, हे सगळं त्या एका दिवसाच्या बोलीवर असतं हे मला पहिल्याच वर्षी कळलं. ज्या बाईला जावई नाही तिला ग्रामपंचायत दुसऱ्या कुणाचा तरी नेमून देते. त्यावरून भांडणं होतात, पण भांडणं काय, सगळीकडेच होतात.

माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. गेली कित्येक वर्षं माझा उजवा पाय त्या ब्रेकवर आणि जीव मुठीत आहे. चालणं म्हणाल तर घरापासून गाडीपर्यंत. पोटाबद्दल बायको काही बोलली की मी विषय बदलतो. अशा माणसाने गाठोडं घेऊन धापऱ्या चढायचा म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंतचं काम होतं. तरी मी दरवर्षी चढत आलो. त्यात सासूबाईंची माया किती आणि शेवंताची, म्हणजे बायकोची, भीती किती, हे मी कधी निवडून पाहिलं नाही.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. मामी अंगाने काटक. नवरा लवकर गेला, तेव्हा शेवंता आणि गेनू दोघंही लहान होती. उतारावरचं भाताचं खाचर एकटीने लावून त्यांनी दोघांना मोठं केलं. मला त्या कधी माझ्या नावाने हाक मारत नाहीत, पाव्हणं म्हणतात. त्यांच्याकडे दोन दिवस राहून आलो की मला फार हलकं वाटायचं. जाताना वाकलेला माणूस येताना शीळ घालत यायचा. मी त्याचं श्रेय तिथल्या हवापाण्याला देत असे आणि शिकाऊ उमेदवारांनाही तिकडे जाऊन या म्हणून सांगत असे.

मामींची एक खोड होती. पाहुणा दारात आला की त्याच्या पायावर पाणी घालायचं, ही रीत सगळीकडचीच. त्या गावात ते पाणी वाटेवर टाकतात. मामी मात्र माझ्या पायाखाली परात धरायच्या आणि परातीतलं पाणी मागच्या परसात नेऊन अळूला घालायच्या. जावयाच्या पायाचं पाणी येणाऱ्याजाणाऱ्याने तुडवायचं, हे त्यांना बरं दिसत नसे. त्या अळूची पानं सुपाएवढी व्हायची. मला अळू घशात खवखवतं, गेनूला आवडत नाही, त्याची बायको तर माहेराहूनच अळूला कंटाळून आलेली. तेव्हा फतफतं मामी एकट्याच खायच्या. फुकट जायला नको म्हणून दोन्ही वेळा खायच्या.

मग एका वर्षी धापऱ्याच्या वाटेवर दरड आली आणि कुणालाच वर जाता आलं नाही. गावाने दोन वर्षांचा शीण अंगावर काढला. तरण्यांनी कसाबसा ओढला, म्हातारी माणसं एकेक करून बसत गेली. दोन वर्षांचा निभतो, पण तिसरं वर्ष लागलं की माणूस उठत नाही, असा तिथला अनुभव आहे. वरच्या आळीत असा एक म्हातारा आहे. त्याला कसलाही आजार नाही. त्याला भरवतात, कूस बदलतात, आणि तो उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे पाहत असतो. बोलत नाही, कारण बोलायचं म्हणजे तोंड हलवावं लागतं.

पुढच्या वर्षी मामींनी नागपंचमीपासून अंथरूण धरलं. तिसरं वर्ष पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मावळतीला लागणार होतं.

आम्ही पोळ्याच्या सकाळी पोचलो तेव्हा पाऊस होता. नुसता पाऊस असता तर सोसला असता. वाराही होता, आणि धापऱ्या जिथे असतो तिथे पांढऱ्या ढगाशिवाय काही नव्हतं. मामी आतल्या खोलीत पडून होत्या. मला पाहून त्यांनी ओठ हलवले. शेवंताने कान लावला आणि बाहेर येऊन सांगितलं की आई म्हणते, पाव्हण्यांच्या पायावर पाणी घाला आणि ते अळूला घालायचं विसरू नका.

दुपारी देवळावरच्या भोंग्यातून पंचायतीने कळवलं. हवा खराब असल्याने ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर जावं. वरचा स्वीकार नेहमीप्रमाणे मावळेपर्यंत चालू राहील. पाऊस हे कारण धरलं जाणार नाही. वाटेत गाठोडं जमिनीला टेकलं तर ते ज्याचं त्याच्याकडे परत जाईल आणि त्याबद्दल पंचायतीकडे दाद मागता येणार नाही.

संध्याकाळी शीण काढला. मामींना घोंगडीवर निजवून शेवंताने डोक्यापासून तळपायापर्यंत हात फिरवला, तसा तो पायाच्या बोटांतून सुटायला लागला. शीण दिसायला ओल्या राखेसारखा असतो. एरवी एका जुन्या लुगड्यात मावायचा. या खेपेला दुसरं लुगडं आणावं लागलं. शीण निघाला की माणूस लगेच उठून बसतो असं नाही. वर स्वीकार होईपर्यंत तो त्याच्याच नावावर असतो. नंतर मला पाटावर बसवलं आणि गेनूने माझे खांदे हळद-लोण्याने मळले. आदल्या संध्याकाळी बैलांचे मळले होते, त्यातलंच लोणी उरलं होतं.

उजाडताना निघालो. माझ्या पाठीवर गाठोडं, त्यावर खताच्या पिशवीचा कागद, आणि या सगळ्यावर इरलं, म्हणजे तिकडचं पानांचं पावसाळी पांघरूण. ते गेनू मागून धरून चालत होता. त्याला गाठोड्याला हात लावायची परवानगी नव्हती, पण इरल्याबद्दल नियमात काही नाही. शीण भिजू द्यायचा नसतो. भिजला की जड होतो आणि वर ओला घेत नाहीत.

सुरुवातीला आम्ही बरेच जावई होतो. भाताच्या खाचरांच्या बांधावरून सगळे रांगेने चाललो, आणि पुढच्याच्या टाचा सोडून कुणाला काही दिसत नव्हतं. रान लागलं तसा चिखल वाढला. पाय टाकायचा, तो रुतायचा, मग तो काढायचा, आणि एवढं करून एक पाऊल व्हायचं. पाठीवरचं ओझं खाली ठेवता येत नाही, बसायचं तर ते पाठीवरच ठेवून बसायचं, आणि बसलेला माणूस उठताना पुन्हा ते सगळं उचलतो. म्हणून बसत नाहीत. झाडाला कपाळ टेकून उभे राहतात. मी वाटेतल्या बहुतेक झाडांना कपाळ टेकलं.

एका हिरड्याच्या झाडाशी मी गेनूला म्हटलं की यंदा मामींचा फारच आहे.

गेनू इरल्याआडून म्हणाला, "मलाबी तेच कळंना. दोन सालापास्नं खाचर वाट्यानं दिलंय. म्हस इकली. आयला कामच न्हाय ठिवलं काय, सैपाक बी माझी बायकूच करती. मग यवढा आला कुठनं?"

मी म्हटलं, वयाचा असेल.

"न्हाय दाजी. निम्मा माझाच आसंल. पोरगं व्हतो तवा लई तरास दिला तिला." त्याने इरलं सारखं केलं. "तुमास्नी उगं माझा वढावा लागतोय."

मी ते खोडून काढलं नाही. एक तर दम नव्हता, आणि दुसरं म्हणजे मलाही तसंच वाटत होतं. मनात मी गेनूला बऱ्याच शिव्या दिल्या. त्याच्या लहानपणच्या एकेका उनाडकीचं वजन माझ्या मणक्यावर बसलंय, असा हिशोब मी पुढच्या चढावर करत होतो, आणि त्या रागाने पाय जरा बरे उचलले जात होते.

खिंडीत पोचलो तेव्हा दुपार झाली असावी. उजेडावरून काही कळत नव्हतं. खिंडीत वारा असा होता की इरलं दोनदा उडालं आणि गेनूने दोनदा धावून आणलं. तिथे एका कातळाच्या आडोशाला जावई जमले होते. खालच्या आळीचा, संगमनेरचा, बँकेत नोकरी करणारा जावई म्हणाला की असल्या हवेत पुढे जाणं म्हणजे शहाणपणा नव्हे. तो गाठोडं तसंच पाठीवर घेऊन मागे वळला. त्याच्यामागे आणखी काहीजण वळले. पुढच्या वर्षी लवकर येऊ, म्हणाले. त्यांच्या सासवा अजून चालत्याफिरत्या होत्या, त्यांना तसं म्हणणं परवडत होतं.

ओतूरचा एक जावई मात्र पुढे निघाला. तगडा गडी, टोमॅटोचा व्यापारी. तो माझ्यापुढे चारच पावलं असेल. ओल्या खडकावर त्याचा पाय सरकला आणि तो पाठीवर पडला. फार लागलं नाही. उठला तेव्हा त्याच्या पाठीवर रिकामं लुगडं होतं. तो ते हातात धरून उभा राहिला. मग वाटेच्या मधोमध बसला आणि रडायला लागला. त्याची सासू त्या वेळी चुलीपाशी भाकरी थापत होती. हातातली भाकरी परातीत टाकून ती भिंतीला टेकली आणि मुलीला म्हणाली, आला गं परत, तुझा नवरा पडला वाटतं, लागलं का बघा त्याला. हे आम्हाला नंतर कळलं.

त्यानंतर मी खडकांवरून रांगत गेलो. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने चारी पायांवर चढणं दिसायला कसं दिसतं याचा विचार करायचा मी सोडून दिला होता. पावसाचं पाणी बाहीतून शिरून कोपराशी साचत होतं. मला अंथरूण आठवत होतं, कोरडी चादर, पंख्याचा आवाज. पण त्याबरोबर आढ्याकडे पाहणारा तो म्हाताराही आठवत होता, आणि त्याच्या जागी मामी. मला मामी हव्या होत्या. बायकोच्या भीतीचा प्रश्न तिथे नव्हता, बायको खाली होती. हे मला त्या रांगण्यातच पहिल्यांदा स्वच्छ कळलं.

शिखराच्या अलीकडे एक दगडी उंबरा आहे. तिथून पुढे फक्त ओझं वाहणारा जातो. गेनूने इरलं माझ्या डोक्यावर नीट बसवलं आणि तो उंबऱ्याबाहेर ओलेत्याने बसून राहिला.

वर पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये सोपान गुरव बसतात. शीण तेच घेतात. त्यांच्याआधी त्यांचे वडील घेत. घोंगडी पांघरून, गुडघे पोटाशी घेऊन ते बसले होते. मला पाहून त्यांना आनंद झाला नाही. आज कुणी येणार नाही अशा हिशोबाने त्यांनी पाय पसरायची तयारी केलेली दिसत होती.

ओळ नव्हती, तरी त्यांनी मला शेडबाहेर उभं केलं, नाव-गाव विचारलं आणि मग आत बोलावलं. गाठोडं जमिनीला न लावता मी त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी गाठ सोडली, आत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग एक चिमूट काढून बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"ह्यो येका माणसाचा न्हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, एकाच माणसाचा आहे, माझ्या सासूबाईंचा. काढताना मी तिथेच होतो.

"अंगातनं निघाला आसंल तिच्या. पर तिचा न्हाय." त्यांनी आणखी एक चिमूट घेतली. "परसात अळू हाय का?"

मी हो म्हणालो.

"पाव्हण्याच्या पायाचं पानी कुठं टाकती ती?"

मी सांगितलं. सांगता सांगता माझं मलाच कळत गेलं, त्यामुळे वाक्य नीट पुरं झालं नाही.

सोपान गुरवांनी मान हलवली. पाहुण्याच्या पायाचं पाणी वाटेवर टाकायचं असतं, कारण वाटेला शीण होत नाही, असं ते म्हणाले. झाडाला घातलं तर झाड धरून ठेवतं, आणि अळूसारखं धरून ठेवणारं दुसरं झाड नाही. मग त्यांनी गाठोड्यातली एक गुठळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "बघा. बसून बसून आलेला हाय. उजव्या पायाचा. थोडा वरडून आलेला, बाकी समदा भेवून. आमच्या डोंगरात असला कुनाला येत न्हाय."

मी ती गुठळी ओळखली. कुणीही आपली ओळखेल. ती तीन रस्त्यांच्या चौकातली होती. एका बाईंनी ब्रेक समजून भलतंच दाबलं होतं त्या दिवसाची.

मी लग्न झाल्यापासून इथे यायचो आणि शीळ घालत परत जायचो. लाज वाटली, फार वाटली. एवढा वेळ मी गेनूला शिव्या देत चढलो होतो.

भेसळीचा शीण घेत नाहीत, त्यांनी सांगितलं. त्यातून स्वतःचा स्वतः आणलेला तर अजिबात नाही. गाठोडं परत न्यावं लागेल. मी म्हटलं, नेलं तर त्या उठणार नाहीत. दोन वर्षं झाली आहेत, मावळतीला तिसरं लागतंय. ते म्हणाले की ते त्यांना माहीत आहे, पण नियम त्यांनी केलेला नाही. मी विचारलं, कुणी केला आहे. त्यांनी पत्र्याबाहेर बोट केलं. बाहेर डोंगर होता.

"ह्यो काय आपसूक यवढा झाला का? माझ्या आज्याच्या टायमाला टेकाड व्हतं. समदा ह्याच गावाचा हाय. येकाचा दुसऱ्याच्या नावावर घेतला तर त्यो बसत न्हाय नीट, सरकतो. गेल्या साली दरड आली ती कशानं आली वाटतं तुमास्नी?"

मी त्यांच्यासमोर बसलो. पाठीवर काही नसताना बसायला दिवसभरात पहिल्यांदाच मिळालं होतं, तरी उठावंसं वाटत होतं. मी म्हटलं, निवडून दिला तर चालेल का.

सोपान गुरवांनी उजेडाकडे पाहिलं. "तांदूळ हायेत का निवडायला? आन् मला जमनार न्हाय. तुमचा तुमीच वळखायचा. तुमचा येक कन जरी तिच्यात ऱ्हायला तर समदा वापस."

आणि तिचा माझ्यात राहिला तर, मी विचारलं.

"त्यो तुमी खाली न्यायचा. तुमच्या मांडीवरचं काय आमी बघत न्हाय."

त्यांनी आपल्या अंगावरची घोंगडी काढून वाऱ्याच्या बाजूने आडवी धरली आणि मी निवडायला बसलो. माझा हाताला चिकट लागत होता, गुठळ्या गुठळ्यांचा. मामींचा कोरडा होता, चाळलेल्या पिठासारखा, आणि आश्चर्य वाटावं इतका हलका. त्यात चिखलणीचा होता, लाकडं आणल्याचा होता, रात्री पोरांच्या उशाशी जागल्याचाही अजून थोडा शिल्लक होता. माझ्यात रस्ते होते. वडील दवाखान्यात असताना मी खुर्चीवर काढलेल्या रात्री होत्या. त्या वेळी दिवस घालून झाल्यावर शेवंता मला इथे घेऊन आली होती आणि मामींनी पायावर पाणी घालताना मला एक शब्द विचारला नव्हता. त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो होतो. ते सगळं इथे होतं, परसातून चुलीवर आणि चुलीवरून त्यांच्या पोटात गेलेलं.

उजेड कमी होत गेला तसं ओळखता येईना. काही कण असे होते की ते त्यांचे की माझे हे सांगता येत नव्हतं. कदाचित ते दोघांचेही नव्हते, शेवंताचे असतील. कणांना विचारत बसायला वेळ नव्हता. शंका आली की मी माझ्या बाजूला टाकत गेलो. सोपान गुरव ते पाहत होते. त्यांनी फक्त एकदा घोंगडीचा हात बदलला.

शेवटी त्यांच्या मांडीवर ओंजळ-दोन ओंजळी राहिल्या. त्यांनी हात घालून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग उठून शेडच्या मागे गेले आणि रिकामं लुगडं झटकत परत आले. "घेतला," ते म्हणाले. बाहेर अजून जेमतेम दिसत होतं.

मी माझं गाठोडं पाठीला लावलं. सासूबाईंना हे सांगायचं का, असं विचारलं.

"सांगा की. ती म्हनंल, मंग काय झालं? आन् उद्यापास्नं दोन परातींत पाय ठिवायला लावंल." ते पाय पसरून आडवे झाले. "तुमच्या घरी अळू लावू नका."

गेनूने माझ्या पाठीवर गाठोडं पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मी सांगितलं की मामींचा स्वीकार झाला आहे, हे दुसरं आहे. कुणाचं, त्याने विचारलं. मी म्हटलं, माझं. त्याने थोडा विचार केला आणि मग खाली उतरेपर्यंत पुन्हा विचारलं नाही. त्या गावचे लोक शिणाबाबत समजूतदार आहेत. फक्त एकदा, खिंडीच्या खाली, त्याचा त्यात किती निघाला असं त्याने हळूच विचारलं. मी म्हटलं, तुझा नव्हताच. तो पुढे झाला आणि बराच वेळ माझ्याकडे पाठ करूनच चालला.

उतरताना मी गाठोडं दोनदा खाली ठेवून पाहिलं. माझंच असल्यामुळे नियम मोडण्याचा प्रश्न नव्हता. दोन्ही वेळा दहा पावलांवर ते पुन्हा पाठीवर होतं. तिसऱ्यांदा ठेवलं नाही.

घरी पोचलो तेव्हा पाऊस तसाच होता आणि ओसरीवर कंदील टांगला होता. कंदिलाखाली मामी उभ्या होत्या. नागपंचमीनंतर पहिल्यांदा उभ्या होत्या. पदर खोचलेला, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात परात. शेवंता त्यांच्यामागे डोळे पुसत होती. माझे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते आणि त्यांच्यात त्या दिवसाचा सगळा धापऱ्या होता.

"या पाव्हणं," मामी म्हणाल्या. "लई दमला. ठिवा पाय हितं."

त्यांनी परात खाली ठेवली. कुणाची सासू अशी अंथरुणातून उठून तांब्या घेऊन उभी राहिली असती तर त्याने काय केलं असतं, मला माहीत नाही. मलाही पाय ठेवावेसे वाटले. इतके वाटले की एक पाय उचललाही. मग मी तो परातीपलीकडे टाकला, दुसराही टाकला आणि तसाच उंबरा ओलांडून घरात गेलो. त्या गावात उंबरा ओलांडला की मग पाय धूत नाहीत. शेणाने सारवलेल्या जमिनीवर माझी पावलं चुलीपर्यंत उमटली. मी चिखलाच्या पायांनी पाटावर बसलो आणि जेवायला वाढा म्हणालो.

मामी तांब्या धरून दारात तशाच उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आमचं काय चुकलं का, पाव्हणं?"

मी म्हटलं, "भूक लागली आहे."

शेवंता श्रीरामपूर येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आल्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गाठोडं मी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवतो. चढावर गाडी जरा ओढत नाही, असं शिकाऊ लोक म्हणतात. मी त्यांना गिअर बदलायला सांगतो. आमच्याकडे डोंगर नाही आणि कार्तिकी, माझी मुलगी, सहावीत आहे. जावई यायला अवकाश आहे. तोवर श्रीरामपूरला सगळे जसे बाळगतात तसं मीही बाळगतो.

सासुरवाडीला आम्ही अजून जातो. दर वेळी मामी तांब्या आणि परात घेऊन उभ्या असतात आणि दर वेळी मी परात ओलांडून चिखलाच्या पायांनी आत जातो. मामींचा जावई म्हणजे अडाणी माणूस, पायसुद्धा धूत नाही, असं माझं नाव गावात झालं आहे, आणि गेनूची मुलं मला लांबूनच पाहतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामींचा शीण एका रुमालात मावतो. तो मी खिशात घालून वर नेतो.

परसातलं अळू पार बसलं. यंदा गेलो तर मामी घरी नव्हत्या. पानं विड्याच्या पानाएवढीच येतात म्हणून तक्रार करत त्या चांगलं अळू आणायला डोंगरापलीकडच्या गावाला गेल्या होत्या, चालत.